मालमत्तेचा रकाना

बडोद्यात रावपुरा टॉवरपाशी रिक्षात बसले आणि म्हटलं, "दिवाळीपुरा, कोर्ट." एवढं बोलायला मला पाच महिने लागले होते.

मांडीवर कापडी पिशवी. तिच्यात तीन क्रेडिट कार्डांची स्टेटमेंटं, पासबुक, आधार कार्ड आणि मुलीच्या जुन्या वहीतून फाडलेली चार पानं. दिवाळी होऊन दोन आठवडे झाले होते. लाभपाचमीला उघडलेल्या दुकानांच्या दारांवर तोरणं अजून होती, झेंडू मात्र सुकून तपकिरी झाले होते. जुन्या पादरा रोडला लागेपर्यंत मी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होते आणि सोडत होते.

आमचं कोर्ट पूर्वी सुरसागरजवळ न्यायमंदिरात होतं. लहानपणी तिथून जाताना बाबा ती इमारत दाखवायचे, सयाजीराव महाराजांच्या काळातली म्हणून. तिची पायरी आपल्या घरातल्या कुणाला चढावी लागणार नाही, असं मी तेव्हा धरूनच चालले होते. आता कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलंय आणि मी तिथे एका वकीलबाईंना एवढंच विचारायला निघाले होते, की मला दिवाळं काढता येईल का.

हा शब्द आमच्या शहरात दोन भाषांतून कानावर येतो. गुजराती शेजारी म्हणतात, "एणे देवाळुं फूंक्युं." मराठी घरात म्हणतात, त्याचं दिवाळं वाजलं. कोर्टाच्या कागदावर येतं ते नादारी. तिन्ही शब्द ऐकले की मान आपोआप खाली जाते. जुनी माणसं सांगतात, व्यापारी बुडाला की तो भर दिवसा पेढीवर दिवा लावून ठेवायचा, त्यावरून दिवाळं हा शब्द आला. तो दिवा मला लहानपणापासून भीतिदायक वाटायचा. गेल्या वर्षभरात त्याबद्दलचं माझं मत बदललंय.

मी शिवणकाम करते, गेली एकोणीस वर्षं. कारेलीबागेत तळमजल्यावर भाड्याचं दुकान, चार मशीन, मदतीला दोन मुली. बडोद्यात शिवणारणीचं वर्ष नवरात्रात उभं राहतं. बाकीचे दहा महिने ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश, आणि नवरात्राआधीचे दोन महिने चणिया-चोळी. एका चणियाच्या घेराला बारा-बारा मीटर कापड जातं. त्यावर आरसे, लेस, कवड्या, गोंडे. हा माल आषाढ-श्रावणातच भरून ठेवावा लागतो, कारण भाद्रपदात भाव चढतात. दरवर्षी मी थोडा रोखीने आणि थोडा मंगळबाजारातल्या एका व्यापाऱ्यांकडून उधारीवर भरायचे. २०२४ साली ऑर्डर दुप्पट होत्या. कार्डाचं लिमिट वाढवून हवंय का, असे मेसेज बँकेकडून अधूनमधून यायचे आणि मी प्रत्येक वेळी हो म्हटलं होतं. एका कार्डावर तीन लाखांचा माल घेतला. दसऱ्यापर्यंत ऑर्डरींचे पैसे येतील, कार्ड फिटेल आणि वर साठ-सत्तर हजार उरतील, असा हिशेब होता. हिशेब चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणते.

२६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. पाऊस थांबेना. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फुटांची, आणि त्या दोन-तीन दिवसांत पाणी ३५ फुटांच्या वर गेलं. सोसायट्यांतून मगरी निघाल्या, ते व्हिडिओ साऱ्या देशाने पाहिले. आम्ही दांडिया बाजारात सासूबाईंच्या जुन्या घरात राहतो, तिथे आम्ही सुखरूप होतो. दुकान मात्र पाण्यात होतं.

पाणी ओसरल्यावर शटर वर केलं तर ते अर्ध्यातच अडकलं. वाकून आत गेले. आधी वास आला, गटाराचा आणि भिजल्या सुती कापडाचा एकत्र वास. खालच्या फळ्यांवरचे तागे फुगून एकमेकांना चिकटले होते. लाल बांधणीचा रंग सुटून पांढऱ्या मलमलीत उतरला होता, आणि ती मलमल एखाद्या जखमेवरच्या पट्टीसारखी दिसत होती. जमिनीवर घोट्याएवढा गाळ. बॅटरी मारली तर तो गाळ चमकला. आरशांची पुडकी फुटून सगळे आरसे त्यात पसरले होते. मी तिथेच उकिडवी बसून आरसे वेचायला लागले. शंभर रुपयांचेही आरसे नव्हते ते, तरी वेचत होते. माझ्याकडे काम करणारी मुलगी मागून म्हणाली, "ताई, राहू दे ना." तेव्हा कुठे मी उठले.

मालाचा विमा काढला नव्हता. ती चूक माझी. ऑर्डरींपैकी निम्म्या परत गेल्या, उरलेल्या मी नवा माल घेऊन पुऱ्या केल्या. तो नवा माल दुसऱ्या कार्डावर.

इथून पुढचं जे सांगायचंय ते पैशांपेक्षा गणिताचं आहे, आणि ते मी सावकाश सांगणार आहे, कारण मला ते कुणी वेळेवर सांगितलं नाही. तीन लाखांवर महिना पावणेचार टक्के व्याज, म्हणजे ११,२५०. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, २,०२५. झाले १३,२७५. स्टेटमेंटवर किमान देय रक्कम यायची १५,००० च्या आसपास. ती मी न चुकता भरायचे आणि भरल्यावर मोकळा श्वास घ्यायचे, की चला, या महिन्याचं झालं. खरं तर त्या पंधरा हजारांतले फक्त १,७२५ मुद्दलाला लागत होते. दहा महिन्यांत मी दीड लाख भरले आणि कर्ज कमी झालं एकवीस हजारांनी.

नुसती किमान रक्कम भरत राहिलात तर परतफेड लांबत जाईल आणि व्याजावर व्याज चढेल, असा इशारा स्टेटमेंटवर छापायला रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. तो छापलेला असतोही. मी वाचत होते फक्त आकडा आणि तारीख. बुडणारं माणूस काठाकडे बघतं, पाटीकडे बघत नाही.

पावणेचार टक्के महिना म्हणजे वर्षाला पंचेचाळीस. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली तीस टक्क्यांच्या वरचं कार्डाचं व्याज अनुचित व्यापारप्रथा ठरवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. व्याजदरावर देखरेख करणं रिझर्व्ह बँकेचं काम, असा त्यामागचा विचार. कायद्याचं म्हणणं मला कळतं. पण सावकाराच्या नावाने बोटं मोडत आपण लहानाचे मोठे झालो आणि पंचेचाळीस टक्के मात्र गुळगुळीत कागदावर आले म्हणून निमूट भरले, हे मला पचत नाही.

मग तिसरं कार्ड. त्यावरून रोख काढून पहिल्या दोघांची किमान रक्कम भरायची. रोख काढली की वेगळी फी, आणि व्याज त्याच दिवसापासून सुरू. मला ते माहीत होतं, तरी केलं. जून २०२५ चा हप्ता भरला आणि जुलैत हात वर झाले.

घरात कुणालाही माहीत नव्हतं. हे लिहिताना आजही बोटं थबकतात. यजमान मकरपुऱ्यात नोकरी करतात, पगार एकतीस हजार. घर त्या पगारावर चालायचं आणि मुलीची फी माझ्या कमाईवर. मी बुडतेय हे कळलं तर ते कंपनीतून कर्ज काढतील, मुलगी एम. एस. युनिव्हर्सिटीतलं शिक्षण सोडून नोकरी धरेल, अशी मला भीती होती. निदान मी स्वतःला तसं सांगत होते. खरं कारण साधं होतं. या घरात पैशाच्या बाबतीत मी हुशार समजले जायचे आणि ते मला हवं होतं.

फोन यायला लागले की मी गच्चीत जायची. वाळत घातलेले कपडे गोळा करायला जाते म्हणायची. सकाळी सातला फोन, रात्री नऊलाही. "मॅडम, लेडीज पोलीस घेऊन येऊ का दुकानावर?" असं एकाने विचारलं. दुसऱ्याने माझ्या एका गिऱ्हाईकबाईंना फोन करून माझी बाकी सांगितली. त्या बाईंनी मुलीच्या लग्नाचे ब्लाउज परत नेले, न शिवलेले, आणि माझ्याशी एक अक्षरही बोलल्या नाहीत. ती पिशवी त्यांच्या हातात देताना मला जे झालं ते पुरातही झालं नव्हतं. पूर सगळ्यांना आला होता.

धनत्रयोदशीला वसुलीवाला थेट घरी आला. दार सासूबाईंनी उघडलं. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी त्याला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, "आज सणाचा दिवस आहे, भाऊ. तुम्हीपण घरी जा." दार लावून आत आल्या. मी चकल्या पाडत होते. सोऱ्या माझ्या हातात तसाच राहिला.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी तो आकडा तोवर एकदाही मोठ्याने बोलले नव्हते. तीन कार्डांचे मिळून सहा लाख चाळीस हजार. बोलले. तेल तापून धूर यायला लागला होता. त्यांनी पुढे होऊन गॅस बंद केला.

यजमानांना संध्याकाळी सांगितलं. त्यांनी किती ते नाही विचारलं. "कधीपासून?" एवढंच म्हणाले, आणि पाडव्यापर्यंत माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलले. आकड्यापेक्षा तारीख त्यांना जास्त लागली. माझ्या शेजारी झोपणारं माणूस चौदा महिने एकटं जागं होतं आणि मला कळलं नाही, असं ते नंतर म्हणाले. मी आजवर ऐकलेल्या बोलण्यांत हे सगळ्यात जड.

नादारीचा विषय मुलीने काढला. तिने फोनवर कुठेकुठे वाचलं होतं. यजमान उसळले. "आपल्या सात पिढ्यांत कुणी दिवाळं काढलेलं नाही." आत्येसासूबाई भाऊबीजेला आल्या होत्या, त्या म्हणाल्या, ऋण काढून सण करू नये आणि अंथरूण पाहून पाय पसरावेत. मी सण केला नव्हता, सणाचे कपडे शिवले होते. पण त्या क्षणी बोलायची ताकद नव्हती. बोलल्या त्या सासूबाई. "तुकोबांचं नाही का निघालं दिवाळं? त्यांनी ते लपवलं का? अभंगात सांगितलं. आपण चारशे वर्षं तेच गातोय आणि घरात कुणाचं निघालं की तोंड लपवायचं?" विठ्ठल मंदिरात त्या भजनाला जातात, त्यामुळे त्यांच्या या बोलण्याला आमच्या घरात वजन आहे. मग यजमानांनीच मान खाली घालून म्हटलं, की राज्यकर्त्यांनाही कर्ज चुकलं नाही, एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला खुद्द गायकवाडांचं राज्य सावकारांच्या देण्यात होतं आणि कंपनी सरकारला जामीन राहावं लागलं होतं. इतिहास हा त्यांचा आवडता विषय. मला त्या दिवशी कळलं, की ते माझ्याशी पुन्हा बोलायची वाट शोधताहेत.

वकीलबाई मूळच्या सांगलीच्या, लग्न होऊन बडोद्याला आलेल्या. टेबलावर फायलींचा ढीग आणि एका कोपऱ्यात चण्याची पुडी. माझी चार पानं त्यांनी आधी वाचली. मग म्हणाल्या, "आधी एक गोष्ट ऐका. तुम्हाला कुणी उचलून नेणार नाही. पैशाच्या डिक्रीसाठी, म्हणजे पैसे भरा या कोर्टाच्या हुकमासाठी, बाईला अटक करता येत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ५६." पुरुषालाही, प्रामाणिकपणे देता येत नसेल तर नुसत्या गरिबीसाठी तुरुंगात टाकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच सांगितलंय. मला गच्चीतले सगळे फोन आठवले. एवढं एक वाक्य मला जुलैत माहीत असतं तर!

मग मूळ प्रश्न. मी समजत होते, की २०१६ चा जो दिवाळखोरीचा नवा कायदा आहे, त्यात अर्ज करायचा. त्या म्हणाल्या, त्या कायद्यातला व्यक्तींचा भाग कागदावर आहे, पण तुमच्या-माझ्यासारख्यांसाठी अजून सुरूच झालेला नाही. कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना तेवढा तो १ डिसेंबर २०१९ पासून लागू केलाय. कमी उत्पन्नाच्या माणसाचं छोटं कर्ज माफ करून त्याला नव्याने सुरुवात करू देणारं प्रकरणही त्यात आहे, तेही तसंच पडून आहे. तोवर जुनेच कायदे चालतात: मुंबई, कोलकाता, चेन्नईला १९०९ चा कायदा, बाकी सगळ्यांना १९२० चा प्रांतिक नादारी कायदा. अर्ज जिल्हा न्यायालयात. कर्ज किती हवं? किमान ५०० रुपये. शंभर वर्षांपूर्वीचा आकडा तसाच आहे. तो कायदा झाला तेव्हा बडोद्यात गायकवाडी होती, इथे तो विलीनीकरणानंतर आला. आणि पुरात बुडालेली चणिया-चोळी घेऊन मी आज त्याच्या दारात.

अर्ज मंजूर झाला की काय होतं, हे त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. माझी मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते. कोर्टाच्या परवानगीशिवाय कुठलाही धनको माझ्यामागे वसुलीला लागू शकत नाही. मालमत्ता विकून येईल ते सगळ्या धनकोंत प्रमाणात वाटायचं. कोर्ट एक मुदत देतं, तिच्या आत मुक्ततेचा अर्ज करायचा, आणि कोर्टाला माझं वागणं प्रामाणिक वाटलं तर उरलेल्या देण्यातून सुटका. तोवर मी 'मुक्त न झालेली नादार'. अशा माणसाला आमदार-खासदार होता येत नाही, घटनेतच लिहिलंय. मला निवडणूक लढवायची नव्हती, तरी ते ऐकताना घशात काहीतरी अडकलं. आणि वेळ? "वर्षं," त्या म्हणाल्या. "महिने नाही, वर्षं."

अर्जात दोन याद्या लागतात. देणी कुणाकुणाची, आणि मालमत्ता कायकाय. दुसरी यादी आम्ही तिथेच करायला घेतली. घर सासूबाईंच्या नावावर, ते यात येत नाही. यजमानांचा पगार माझा नाही. पीपीएफमधले अठ्ठावन्न हजार जप्तीतून सुटलेले. मग त्यांनी संहितेतलं कलम ६० उघडून मला मराठीत वाचून दाखवलं, काय काय जप्त करता येत नाही ते. अंगावरचे आवश्यक कपडे. स्वयंपाकाची भांडी. अंथरूण-पांघरूण. कारागिराची हत्यारं. धर्माच्या रिवाजाप्रमाणे बाईला अंगावरून उतरवता येत नाहीत असे दागिने.

"म्हणजे मंगळसूत्र," त्या म्हणाल्या, "आणि तुमची मशीन. शिवणयंत्र हे तुमचं हत्यार आहे."

भाऊबीजेला जे अंथरूण माझ्या अंगावर फेकलं गेलं होतं ते कायद्याने माझ्यासाठी राखून ठेवलं होतं. कोण कुठला इंग्रज ते कलम लिहून गेला. बुडालेल्या माणसाच्या घरी चूल पेटली पाहिजे, त्याच्या हाताला काम राहिलं पाहिजे, एवढं त्याला कळत होतं. मला तिथे रडू आलं. वकीलबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली आणि फाइल वाचल्यासारखं करत राहिल्या.

"अजून काही सोनं?"

पाटल्या होत्या. माझ्या आईच्या, दोन तोळ्यांच्या. स्त्रीधन म्हणजे बाईचं स्वतःचं, असं आपण अभिमानाने म्हणतो. कर्ज नवऱ्याचं असतं तर त्या पाटल्यांना कुणी हात लावू शकलं नसतं. इथे कर्जदार मीच, म्हणून त्या माझ्या मालमत्तेच्या रकान्यात. सासूबाई आदल्या रात्रीच म्हणाल्या होत्या, "पाटल्या पोरीच्या हातात घालून टाक, आजीची आठवण म्हणून." मी ते वकीलबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवली. असं फुकट देऊन टाकलेलं काही असेल आणि दोन वर्षांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर ते देणं रद्द होऊ शकतं. शिवाय कोर्टाला वाटेल, बाई लपवाछपवी करतेय. "लपवणं तुम्ही खूप केलंत," त्या म्हणाल्या. रागाने नाही म्हणाल्या.

पहिल्या यादीशी आलो तेव्हा खरी अडचण कळली. मी तीन बँका लिहिल्या होत्या. "एवढेच?" "मंगळबाजारातले एक काका आहेत. शेहेचाळीस हजार. पण ते कधी मागत नाहीत." "मागोत न मागोत, नाव लिहावं लागेल. कुणाला गाळता येत नाही."

म्हणजे ज्यांनी चौदा महिन्यांत एकदाही फोन केला नाही ते काका आणि दिवसाला वीस फोन करणारी बँक, दोघं एका रांगेत. दोघांनाही रुपयामागे तेवढेच पैसे. कायद्याच्या जागी बसून पाहिलं तर हे न्यायाचंच आहे, नाहीतर प्रत्येक जण आपल्या माणसाला आधी देईल. पण माझ्या डोळ्यांसमोर त्यांचं दुकान आलं. मी पहिलं मशीन घेतलं तेव्हा "बेन, पहेलां कमाव, पछी आपजे," आधी कमव, मग दे, म्हणून त्यांनी दिलेला पहिला तागा आला. मग त्यांचेच पैसे आधी चुकते केले तर? त्याचंही उत्तर कायद्यात आहे. देणी फेडता येत नाहीत हे माहीत असताना एकाच धनकोला झुकतं माप दिलं आणि तीन महिन्यांच्या आत नादारीचा अर्ज झाला, तर ते पैसे काकांकडून परत मागवले जाऊ शकतात.

त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर चौघं बसलो. चार पानं मध्ये ठेवली. मी एकेक ओळ वाचत गेले आणि मुलगी कॅल्क्युलेटरवर बेरीज करत होती. चौदा महिने मी जे गच्चीत एकटीने वाहिलं ते सतरंजीवर पडलं होतं आणि ते होतं एवढंच, चार ओळींचं. पेढीवर दिवा लावणाऱ्या त्या व्यापाऱ्याबद्दल मला वाटलं, त्याला त्या दिवशी रात्री झोप लागली असेल.

त्या रात्री ठरलं ते असं. अर्ज आत्ता करायचा नाही. पाटल्या विकायच्या. सोनं तेव्हा तोळ्याला लाखाच्या वर गेलं होतं; दोन लाख पंधरा हजार आले. त्यातून काकांचे पूर्ण शेहेचाळीस. तिसऱ्या कार्डाचे एक लाख अठ्ठावीस होते, त्या बँकेने सत्तर हजारांत तडजोड मान्य केली. दुसऱ्याच्या एक लाख साठचं पंच्याण्णववर आलं. दोन्ही ठिकाणी आधी लेखी पत्र हातात घेतलं, मगच पैसे भरले. फोनवरच्या शब्दावर एक रुपयाही द्यायचा नाही, हे वकीलबाईंनी तीनदा बजावलं होतं. सिबिलच्या, म्हणजे कुणी कर्ज कसं फेडलं याची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात आता 'सेटल्ड' असा शेरा राहील काही वर्षं, 'क्लोज्ड' नाही. राहू दे. मला पुढची काही वर्षं कर्ज नकोच आहे.

पहिलं कार्ड, तीन लाख बावन्न हजार, तसंच उभं आहे. ती बँक तडजोडीला यायला तयार नाही. त्यांच्या वसुलीवाल्यांबद्दल मी बँकेकडे लेखी तक्रार केली. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायचा नाही, घरच्यांना-ओळखीच्यांना छळायचं नाही, हे रिझर्व्ह बँकेचे नियम तारखांसह लिहिले. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, तेही लिहिलं. उत्तर आलं. घरी येणं थांबलं. त्यांनी दावा लावला आणि जप्तीची वेळ आली तर मी नादारीचा अर्ज करणार आहे. यजमानांना हे मान्य आहे. हा निर्णय त्या बँकेचा राग म्हणून नाही, आणि हार म्हणूनही नाही. माझ्याकडून शक्य होतं ते देऊन झाल्यावर कायद्याने जी जागा ठेवली आहे तिथे जाऊन उभं राहायचं, एवढंच. ज्यांच्याकडे पाटल्या नसतात त्यांनी ही वाट आधीच धरली तर त्यांच्याकडे बोट दाखवायचा हक्क मला नाही, कुणालाच नाही.

काकांकडे मी एकटी गेले. दुपारची वेळ, मंगळबाजारात गर्दी कमी. त्यांनी नवा चोपडा काढला, दिवाळीला पूजन झालेला. पहिल्या पानावर कुंकवाचा सातिया, म्हणजे स्वस्तिक, अजून ओलसर वाटत होता. माझं खातं जुन्या चोपड्यातून नव्यात ओढून आणलं होतं, शेहेचाळीस हजार, त्यावर व्याजाचा आकडा नाही. मी नोटा ठेवल्या आणि उशीर झाला म्हणून बोलायला लागले. त्यांनी हात वर केला.

"बेन, पाणी तो अमारे त्यां पण भरायुं हतुं."

मला माहीतच नव्हतं. त्यांचं गोदाम खालच्या भागात होतं, अठरा वर्षांत मी कधी विचारलं नव्हतं. त्यांनी नोटा दोनदा मोजल्या, माझ्या देखत खात्याखाली रेघ मारली आणि विचारलं, या वर्षी मलमल किती लागेल. मी म्हटलं, रोखीने जेवढी परवडेल तेवढी. त्यांनी नोकराला पायऱ्या चढून वरच्या फळीवरचा पांढरा तागा काढायला सांगितला आणि गजाने मोजायला सुरुवात केली. मी दुसरं टोक धरलं.